‘शीव’ कथेविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकात माझी ‘शीव’ ही भयकथा प्रसिद्ध झाल्यानंतर आलेली पत्रे संपादकांनी एका जाड पाकिटात घालून माझ्याकडे ठाण्याला पाठवली आणि त्यांतील निवडक प्रश्नांना या सदरातून उत्तरे द्यावीत, असे सुचवले. ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या गवताळ माळावर, १८८८ च्या जानेवारीत, मातीच्या ढेपांनी रचलेल्या एका घरात एक नवविवाहिता एकटी राहिली आहे. नवरा पीठ आणायला वीस मैलांवरच्या गावाला गेला आहे. शांतता सहन होईना म्हणून ती कापड न घालताच शिलाई मशीन चालवत बसते. एका रात्री ती पाय थांबवते, पण मशीनचा आवाज भिंतीच्या आतून आणखी काही क्षण चालूच राहतो. दुसऱ्या दिवशी हिमवादळ येते. गाईला चारा घालण्यासाठी ती दारापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधते, आणि परत येताना ती दोरी पलीकडच्या टोकाने कोणीतरी ओढते. वादळ शमल्यावर नवरा परततो तेव्हा दोरीची एक गाठ दाराला तशीच असते. दुसरे टोक मात्र गोठ्याकडे गेलेले नसते, ते घराच्याच भिंतीत शिरलेले असते.

प्रश्न : आपण ठाण्यात राहता आणि आपल्या आधीच्या कथा इथल्याच वाड्यांत आणि चाळींत घडतात. मग ही कथा थेट नेब्रास्कात का नेली? भीतीसाठी आपल्याकडे जागा कमी होती का? (एक वाचक भगिनी, ऐरोली)

उत्तर : जागा कमी नव्हती. ही कथा मुळात आपल्याच परिसरातली, वाशीची आहे.

१९७९ साली मी सहा वर्षांची होते आणि आम्ही वाशीला नुकतेच राहायला आलो होतो. सिडकोची स्थापना १९७० ची आणि खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा, त्यामुळे आमचे नवे शहर त्या वेळी माझ्याच वयाचे होते. वसाहतीत बांधून तयार असलेल्या घरांपैकी कितीतरी घरांना कुलपे होती. मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये, म्हणजे आम्ही राहायला गेल्यानंतर तेरा वर्षांनी. तोपर्यंत बस हाच आधार होता. वडील फोर्टात नोकरीला होते. पुलावर वाहतूक अडली, एखादी बस बंद पडली किंवा पावसाने झोडपले की त्यांना घरी यायला रात्रीचे अकरा वाजत, कधी बारा. फोन नव्हता. खिडकीतून पाहिले तर रस्त्यावरचे मोजके दिवे, त्यांच्यापलीकडे काळोख आणि त्या काळोखात कुठेतरी तिवरे आणि खाडी. खाडीवरून येणारा वारा रिकाम्या इमारतींच्या जिन्यांत शिरून घुमत असे.

माझी आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली. तिथे रात्री दोन वाजताही कोणाच्या तरी खोकल्याचा, नळाचा, पाळण्याच्या कड्यांचा आवाज येत असे. वाशीत रेडिओवरचे कार्यक्रम संपले की घरात काही म्हणजे काही ऐकू येत नसे. अशा वेळी आई शिलाई मशीनपुढे बसायची. सुईतला दोरा काढून ठेवायची, कापड दाबणारा पाय वर उचलायची आणि पायडल मारू लागायची. मशीनखाली कापड नसायचे. सुई खाली-वर होत राहायची, चाक फिरत राहायचे, चामड्याचा पट्टा एका ठरावीक जागी आला की हलकेच चटकन वाजायचा. मी गोधडीतून पाहत असे. आईचे डोळे सुईवर नसायचे, दाराच्या कडीवर असायचे.

कधीकधी तिचे पाय थांबत आणि भिंतीतून आवाज येई. ठक, ठक. मग थांबून पुन्हा एकदा ठक. भिंतीच्या आत कोणी बसले आहे आणि आईचे मशीन थांबण्याची वाट पाहत आहे, अशी माझी खात्री होती. मी हे कोणालाच सांगितले नाही. त्या ठोक्यांचा उलगडा मला फार उशिरा झाला, आणि तो शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगणार आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी एका परिचितांकडे सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराच्या छायाचित्रांचे पुस्तक पाहायला मिळाले. १८८६ पासून त्याने नेब्रास्कातील कस्टर परगण्यात फिरून माळावर वस्तीला आलेल्या कुटुंबांची छायाचित्रे काढली. पाठीमागे ढेपांचे बुटके घर, पुढे अख्खे कुटुंब, आणि घरातली जी काही मोलाची वस्तू असेल ती उचलून अंगणात मांडलेली. एका कुटुंबाने तर पायांनी हवा भरून वाजवायचा ऑर्गन उघड्या माळावर आणून ठेवला आहे आणि त्याच्याभोवती सगळे उभे आहेत. त्या बायकांचे चेहरे मी बराच वेळ पाहत राहिले. नजर कॅमेऱ्याकडे असली तरी कान दुसरीकडे लागलेले असावेत, असे ते चेहरे होते. आई मशीनपुढे बसलेली असताना तिचा चेहरा असाच दिसायचा. कथा त्या दुपारी सुरू झाली.

मी ती आधी वाशीतच लिहून पाहिली, दोन वेळा. दोन्ही वेळा ती फसली. वाशीचे पुढे काय झाले हे वाचकाला ठाऊक असते. आजच्या वाशीचे रस्ते, दुकाने, स्थानकातली गर्दी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि १९७९ मधल्या त्या बाईची भीती त्याला एका अडचणीच्या काळाची आठवण वाटू लागते. भयकथेतल्या माणसाला उद्याची खात्री नसते आणि वाचकालाही ती असता कामा नये. नेब्रास्काच्या माळावर नेल्यावरच ती बाई खरोखर एकटी झाली.

प्रश्न : कथेतील ढेपांचे घर, छतातून पडणारा साप, हिमवादळ आणि दोरी यांपैकी इतिहास किती आणि कल्पना किती? मी शाळेत इतिहास शिकवत असे, म्हणून विचारतो. (एक निवृत्त शिक्षक, नौपाडा)

उत्तर : दोरी पलीकडून ओढली जाणे, भिंतीतला आवाज आणि शेवट एवढेच माझ्या कल्पनेतले आहे. बाकीचे बहुतेक सगळे त्या माणसांनी भोगलेले आहे.

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने वस्तीला येणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. तिथे घर बांधून, जमीन कसून पाच वर्षे राहून दाखवले की ती जमीन त्यांच्या मालकीची होई. माळावर झाडे जवळजवळ नव्हती, म्हणून लाकूड नव्हते. तेव्हा नांगराने गवतासकट जमिनीच्या लांब पट्ट्या सोलून काढायच्या आणि कुदळीने त्यांचे तुकडे करायचे. साधारण दोन-तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि चार इंच जाड अशी एकेक ढेप निघे. तिच्यात मुळांचे इतके घट्ट जाळे असे की माती सुटत नसे. या ढेपा गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या रचल्या की दोन फुटांहून जाड भिंत उभी राही. अशी घरे हिवाळ्यात ऊबदार आणि उन्हाळ्यात गार असत. पावसाळ्यात मात्र छत गळे आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आत दोन-तीन दिवस चिखलाचे थेंब पडत राहत. छतातून माती, किडे आणि साप अंगावर पडू नयेत म्हणून बायका आतल्या बाजूने पातळ मलमलीचे कापड ताणून बांधत. कथेत तो साप कापडावर पडतो आणि त्याच्या वजनाने कापडाला झोळ येतो, तो प्रसंग मी यावरूनच रचला. चुलीसाठी त्या बायका गुरांच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या गोळा करत. हे वाचले तेव्हा सातासमुद्रापलीकडची ती बाई मला एकदम जवळची वाटली. नाशिककडच्या माझ्या आजीनेही आयुष्यभर गोवऱ्याच थापल्या होत्या.

हिमवादळही खरेच आहे. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ त्या मोसमाच्या मानाने इतकी उबदार होती की माणसे जाड कपडे न घालता कामाला आणि मुले शाळेला गेली. मग वायव्येकडून वादळ आले. पिठासारखा बारीक बर्फ, समोर धरलेला स्वतःचा हात दिसू नये असा, आणि त्यापाठोपाठ जीव घेणारी थंडी. मृतांची संख्या सर्वसाधारणपणे २३५ सांगितली जाते. त्यांत शाळेतून घरी निघालेली पुष्कळ मुले होती, म्हणून ते वादळ मुलांच्या नावाने ओळखले जाते. घर आणि गोठा यांच्यामध्ये दोरी बांधून तिच्या आधाराने जाण्या-येण्याची रीत त्या मुलखातल्या आठवणींत वारंवार भेटते. मिनी फ्रीमन नावाच्या तरुण शिक्षिकेने शाळेचे छप्पर उडाल्यावर मुलांना सुखरूप बाहेर काढले. तिने त्यांना एका दोरीने बांधून नेले, ही कथा तेव्हा देशभर गाजली, पण पुढे खुद्द त्या दोरीविषयीच मतभेद झाले. जिच्यामुळे जीव वाचला ती दोरी होती की नव्हती, हेच माणसांना आठवू नये, या गोष्टीने मला कथेतली दोरी दिली.

प्रश्न : माळावरच्या एकांताने माणसे वेडी होत, असे आपण कथेत सुचवले आहे. याला काही आधार आहे का, की ती भयकथेची सोय आहे? मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. (एक वाचक, खारघर)

उत्तर : आधार आहे, पण तो जपून वापरायला हवा. १८९३ मध्ये ई. व्ही. स्मॉली या पत्रकाराने माळावरच्या शेतकऱ्यांच्या एकाकीपणावर लेख लिहिला आणि नव्याने वसलेल्या त्या राज्यांत शेतकरी व त्यांच्या बायका यांच्यात वेडाचे प्रमाण चिंताजनक आहे, असे म्हटले. हा एका पत्रकाराचा अनुभव आणि मत आहे, वैद्यकीय निदान नव्हे. गरिबी, बुडालेली पिके, मेलेली मुले, न कळणारी भाषा, यांतले कोणते दुःख एकांताचे आणि कोणते बाकीचे, हे आज वेगळे काढणे कठीण आहे. ‘शीव’ची नायिका वेडी झाली असे मी कुठेही लिहिलेले नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. तिला ऐकू येते, एवढेच मी लिहिले आहे.

या ऐकू येण्याविषयी मात्र आपल्याला आवडेल असा एक अभ्यास आहे. अ‍ॅलेक्स वेलेझ या संशोधकाने नेब्रास्का आणि कॅन्सस येथील माळावरचे आवाज घेतले, बार्सेलोना व मेक्सिको सिटी या शहरांतले आवाज घेतले, आणि माणसाच्या कानाला कोणते आवाज अधिक टोचतात याच्याशी त्यांची तुलना केली. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात सतत एक गुणगुण चालू असते आणि तिच्यात लहान आवाज बुडून जातात. माळावर ती गुणगुण नसते, त्यामुळे जो काही आवाज होतो तो एकटाच कानापर्यंत येतो, आणि कानाला ज्या पट्टीतले अधिक चांगले ऐकू येते त्याच पट्टीत येतो. शांततेत कान आवाज शोधू लागतो आणि मग त्याला दुसरे काही ऐकवत नाही. मी हे वाचले तोपर्यंत कथेचा पहिला खर्डा झाला होता. वाचून संपल्यावर मी त्या खर्ड्यातले वाऱ्याचे सगळे वर्णन काढून टाकले. वारा हा आडोसा आहे, तो असला की माणूस सगळे त्याच्या माथी मारू शकतो. म्हणून भिंतीतला आवाज येतो ती रात्र मी वाराहीन ठेवली.

आपण खारघरला राहता. तिथली नवी संकुले भरण्याआधी ज्यांनी पहिले बिऱ्हाड थाटले, अशा कोणा गृहिणीशी जरूर बोला. पुस्तकापेक्षा अधिक काही मिळेल.

प्रश्न : कथा आवडली, पण एक गोष्ट खटकली. माझ्या आजोबांची भातशेती आज एका सेक्टरच्या खाली आहे. आपल्या नायिकेला माळ रिकामा दिसतो. तो रिकामा नव्हता. ज्यांना तिथून हुसकावले त्यांचे भूत तरी या कथेत यायला हवे होते, असे आपल्याला वाटले नाही का? (एक वाचक, कोपरखैरणे गाव)

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आणि बाकीच्या सगळ्या पत्रांपेक्षा त्यावर अधिक विचार केला. माळ रिकामा नव्हता, हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे. लूप नदीच्या ज्या खोऱ्यात कथा घडते ते पॉनी लोकांचे. १८७० च्या दशकात त्यांना नेब्रास्का सोडून दक्षिणेला, आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात त्या मुलखात जावे लागले. आणि ही पॉनी माणसेही मातीच्याच घरांत राहत. लाकडी खांबांवर गवत आणि माती चढवलेली त्यांची मोठी गोल घरे असत, दार पूर्वेला. अशी घरे पडली की जमिनीत एक गोल खळगा उरतो आणि तो कितीतरी वर्षे दिसत राहतो.

कथेच्या दुसऱ्या परिच्छेदात नायिकेचा नवरा ढेपा काढण्यासाठी जागा निवडतो. “एका गोल खळग्याच्या काठावर गवत सर्वांत दाट होते” असे वाक्य तिथे आहे. घराच्या भिंती त्या काठाच्या आहेत. तो खळगा कसला, हे त्या दोघांना ठाऊक नाही आणि त्यांनी कोणाला विचारलेलेही नाही. माझ्या दृष्टीने कथेतला खरा गुन्हा तोच आहे. ते वाक्य आपल्या नजरेतून निसटले असेल तर तो माझ्या लिहिण्यातला उणेपणा आहे. मी ते आणखी ठळक करायला हवे होते.

भुताविषयी मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. पहिल्या खर्ड्यात भिंतीत एक पॉनी स्त्री होती. मी तिला काढून टाकले. ज्यांची जमीन गेली त्यांना भूत करून टाकणे फार सोयीचे असते, कारण भूत म्हणजे मेलेले माणूस. मेलेल्याची भीती वाटते, कीव येते, त्याचे देणे मात्र कोणी लागत नाही. पॉनी लोक मेलेले नाहीत. ओक्लाहोमात पॉनी नावाचेच गाव आहे, तिथे त्यांच्या राष्ट्राचा कारभार चालतो. आणि आपण तर मला कोपरखैरणे गावातून पत्र लिहिले आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जासईच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. आपल्या आजोबांच्या पिढीने लढून जे मिळवले ते जिवंत माणसांनी जिवंत माणसांकडून मिळवले. त्यांना मी कथेतल्या भिंतीत कसे कोंडू?

त्या काळची एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. आमच्या वाशीच्या घरी मासळी घेऊन एक आगरी आजी येत. पाटी जिन्यात टेकवून पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारले, “बाय, शिवंला नारल दिलास का?” आईला प्रश्नच कळला नाही. सेक्टर, प्लॉट आणि रस्ता यांत शीव कुठे असते? आजींनी पाटी तिथेच ठेवली, आईला आणि मला घेऊन त्या खाजणाच्या बांधावर गेल्या. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जी उघाडी ठेवतात, तिच्या शेजारी शेंदूर फासलेला एक दगड होता. भात गेले होते, उघाडीची फळी कुजली होती, दगड मात्र होता. पुढच्या रविवारी वडिलांनी तिथे नारळ वाढवला. माझे वडील देवभोळे नव्हते. पण कोणीतरी आधीपासून आहे आणि त्याला सांगून राहायचे असते, ही गोष्ट त्यांना पटली असावी. नेब्रास्कातल्या जोडप्याला असे सांगणारी आजी भेटली नाही, कारण ती तिथे राहू नये अशी व्यवस्था आधीच झाली होती.

प्रश्न : कथेचे नाव ‘शीव’ का? रोज मध्य रेल्वेने जाताना हे नाव स्थानकाच्या फलकावर वाचतो, त्यामुळे प्रथम वाटले की कथा तिथलीच असेल. (एक वाचक, कळवा)

उत्तर : आपण रोज वाचता ते नावही याच अर्थाचे आहे. मुंबई बेट आणि साष्टी यांची हद्द तिथे होती.

अमेरिकेत वस्ती पुढे पुढे सरकत गेली आणि जिथे ती संपते त्या कडेला त्यांनी एक रेषा मानली. १८९० च्या जनगणनेनंतर अशी सलग रेषा आता उरलेली नाही, असे जाहीर झाले. चौरस मैलाला दोन माणसांपेक्षा कमी वस्ती असलेला प्रदेश म्हणजे रेषेपलीकडचा, असा तो हिशेब होता. त्या हिशेबात पलीकडे कोणी नसते. मराठीतल्या शिवेला मात्र दोन्ही बाजू असतात. आपल्या गावाची शीव तीच पलीकडच्या गावाचीही शीव, आणि तिच्यावर राखण करायला म्हसोबा, वेताळ किंवा आगरी-कोळ्यांचा चेडा बसलेला असतो. माझ्या नायिकेला वाटते की ती रेषेवर राहते आहे. प्रत्यक्षात ती शिवेवर राहते आहे. हे नाव मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत या कथेला देता आले नसते, म्हणून ते दिले.

प्रश्न : आपल्या आईंनी ही कथा वाचली का? मशीन चालवणारी बाई म्हणजे त्याच, हे आपण एका मुलाखतीत सांगितल्याचे आठवते. त्यांना काय वाटले? (एक वाचक भगिनी, पाचपाखाडी)

उत्तर : वाचली. आता ती माझ्याकडे ठाण्यालाच असते. डोळ्यांना त्रास होतो म्हणून तिने अंक खिडकीजवळ धरून तीन दुपारी थोडी थोडी वाचली. वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाली, “भिंतीतला आवाज तू कुठून आणलास?”

मी तिला गोधडीतून ऐकलेल्या ठोक्यांविषयी पहिल्यांदाच सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अगं, तो खलबत्ता.”

आमच्या भिंतीला लागून जे घर होते तिथेही एक नवी संसाराला लागलेली बाई राहत असे. तिचे यजमान आमच्या वडिलांच्याच बसने येत. दोघींनी मिळून ठरवले होते की रात्री उशीर झाला तर आईने मशीन चालवायचे, म्हणजे आपण जाग्या आहोत हे पलीकडे कळेल. पलीकडून त्या काकूंनी रिकाम्या खलबत्त्यात बत्ता आपटून उत्तर द्यायचे. दोन ठोके म्हणजे बस आली, माणसे रस्त्यावर दिसली, कारण बसथांबा त्यांच्या खिडकीतून दिसे. थांबून तिसरा ठोका पडला तर अजून काही नाही. मला लहानपणी जो आवाज नेहमी ऐकू आला तो तिसरा ठोका होता. बस आलेल्या रात्री मी झोपलेली असे.

इतकी वर्षे मला वाटत होते की आई मशीन स्वतःला ऐकू यावे म्हणून चालवते, आणि नायिकेला मी तेच करायला लावले. आईने ते दुसऱ्याला ऐकू जावे म्हणून चालवले होते. हे आधी कळले असते तर कथा लिहिली गेली असती की नाही, मला सांगता येत नाही. काही वाचकांनी विचारले आहे की, पुस्तकात घेताना शेवट बदलणार का. तो मी बदलणार नाही. १६० एकरांचा चौकोन म्हणजे प्रत्येक बाजू अर्धा मैल. सगळ्या जमिनींवर कुटुंबे राहायला आली असती तरी दोन घरांमध्ये साधारण अर्धा मैल अंतर राहिले असते, आणि त्या हिवाळ्यात माझ्या नायिकेच्या शेजारची जमीन कोणी घेतलेलीही नव्हती. तिच्या भिंतीपलीकडे खलबत्ता घेऊन बसणारी काकू नव्हती. तिथून जे उत्तर आले ते दुसऱ्या कोणाचे तरी होते.

आईने मात्र एक दुरुस्ती सुचवली आहे आणि ती मी मान्य केली आहे. कथेत नायिका पाय थांबवते आणि मशीन त्याच क्षणी थांबते, असे मी लिहिले होते. “चाक जड असते, पाय थांबवला तरी ते दोन-तीन फेरे घेतेच,” असे ती म्हणाली आणि उठून तिने कोपऱ्यातल्या तिच्या मशीनचे आच्छादन काढून मला ते चालवून दाखवले. पाय उचलल्यावर चाक तीन वेळा फिरले आणि पट्टा त्याच जुन्या जागी चटकन वाजला. पुस्तकातल्या आवृत्तीत नायिका ते तीन फेरे मोजेल, आणि चौथा तिला भिंतीतून ऐकू येईल.